खिशातली डायरी आणि बातमीचा कागद

परवा पुतणीने माझ्या फोनमध्ये दोन ॲप टाकून दिली. एक टिपणं ठेवायला, दुसरं लिहायला. "दोन्ही वेगळं ठेवायचं बरं का, काका," असंही बजावलं. मला हसूच आलं. वेगळं ठेवण्यातच माझी निम्मी हयात गेली.

नव्वदच्या दशकात मी गडचिरोलीहून चंद्रपूरच्या एका छोट्या दैनिकाला बातम्या पाठवायचो. शर्टाच्या खिशात इवलीशी डायरी, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि घरी टेबलावर बातमीचे लांब कागद. डायरीत मी मनाला येईल तसं, आपल्या बोलीत खरडायचो. कागद पुढ्यात आला की मात्र ताठ बसून इस्त्रीची मराठी. पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं की राजासारखा चहा प्यायचा. काय दिवस होते! डायरीतलं कच्चं बोलणं बातमीत येऊ द्यायचं नाही, हा माझा नियम, आणि त्याचा केवढा तोरा मला.

दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जायचं आणि भामरागडची वाट बंद व्हायची. पाणी जरा उतरलं की एक डोंगेवाला मला पलीकडे न्यायचा. डोंगा म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली नाव. मी दोन्ही काठ घट्ट धरून बसायचो आणि तो हसायचा. "इतकं काऊन धरून राह्यले भाऊ? लाकूड आहे ते, पळून नाई जात."

एका वर्षी तो हसला नाही. अर्ध्या नदीत म्हणाला, "भाऊ, पेपरात माहं नाव टाका. पोरगी चंद्रपूरले होस्टेलात आहे. इथून चिठ्ठी जात नाई. तिथं पेपर येते. नाव दिसलं की समजन तिले, बाप बरा आहे."

मी लगेच डायरी काढली. परतीला त्याने विचारलं, "लिहलं न?"

"लिहिलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

घरी आल्यावर कागदावर उतरलं ते असं: 'स्थानिक नावाड्यांच्या मदतीने वाहतूक सुरू.' एका डोंगेवाल्याचं नाव बातमीत कशाला, असं मला वाटलं. संपादकाने नाही, मीच गाळलं. पुढच्या पावसाळ्यात त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विसरलो.

दहा-बारा वर्षांनी गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेलो. दंडाला पट्टा बांधता बांधता नर्सने विचारलं, "तुम्ही पेपरवाले न भाऊ? भामरागडले याचे?" आणि तिने वडिलांचं नाव सांगितलं. डोंगेवाल्याची मुलगी!

"एक विचाराचं होतं," ती म्हणाली. "बाबाचं नाव कोणत्या दिवशी छापलं होतं? त्या पावसाळ्यातले सगळे पेपर वाचले मी. दोन दिवस तापात पडून होती, तेव्हाचाच चुकला असन. दिवाळीले घरी गेली तर बाबानं पुसलं, नाव वाचलं न? मी हो म्हणलं. किती खुश झाले! आजही सांगतेत गावात."

तिने इतकी वर्षं दोष आपल्या तापाला दिला होता. तिथल्या तिथे मी खरं सांगून टाकलं. ती पट्टा सोडून पुढच्या माणसाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून ती डायरी शोधून तिच्यापुढे धरली. पेन्सिल पुसट झाली होती, तरी वाचता येत होतं. वर तिच्या वडिलांचं नाव. खाली: 'सकाळपासून नऊ फेऱ्या मारल्या. पोरीले सांगा, बाप बरा आहे.'

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"इतकंच तर लिहाचं होतं, भाऊ," ती म्हणाली.