टीपॉयखालचा चौकोन

गालिच्याच्या मधोमध हातभर चौकोन डाळिंबासारखा लाल झाला होता आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. नोकरी गेल्यावर पन्नाशीत गालिचे धुण्याचा धंदा काढला. "घरी कधी चहाचा कप विसळला नाहीत!" इति बायको. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे चुलतभावाची बायको, कुसुमवहिनी. धुण्याचा नमुना सोफ्याखाली, कुणाला दिसणार नाही असा करायचा असतो; मी छाप पाडायला ऐन मध्यावर केला.

"अहो भावजी, हे काय करून ठेवलंत? बाकीचा किती घाण दिसतोय! संध्याकाळी हळदीकुंकू आहे माझ्याकडे."

"सगळाच धुतो ना, वहिनी."

"आणि वाळणार कधी? राहू दे आता. बोलावू पुन्हा कधीतरी."

हे 'कधीतरी' मला नोकरीवरून काढतानाही ऐकवलं होतं.

मी चौकोनाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं या घरात गालिचा मळलाय असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळं सारखंच मळलं की मळ दिसत नाही, माणसं सुखाने त्यावर बसतात.

"भावजी, जाता जाता त्या डागावर टीपॉय तेवढा सरकवता?"

सरकवला. वर अत्तरदाणीही मीच ठेवली.