पट एक, हजर एक

"हे कुणी लिहिलं?" सरांनी फळ्याकडे बोट केलं.

मी खुशीत उभी राहिले. वाटलं, अक्षराचं कौतुक होणार. चौथीत होते. सोमवार होता. प्रार्थना संपल्यावर मुलं मोजून मी फळ्याच्या कोपऱ्यात वार, तारीख, पट, हजर असं सगळं लिहून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "तुझं काम घासायचं. लिहायला मुली आहेत."

वर्ग हसला. मुली आहेत. मग मी कोण होते? वर्गात बांधलेली शेळी?

"पूस."

डस्टर समोरच होतं. सरांनी ते उचलून टेबलाच्या खणात टाकलं. मी फ्रॉकच्या घोळानं पुसलं आणि तो खडू पोटावर घेऊन दिवसभर बसले.

घासायचं म्हणजे काय ते सांगते. शनिवारी शाळा सुटली की फळा काळा करायचा. कोळसा कुटायचा, त्यात घेवड्याचा पाला चुरडायचा आणि तो लगदा चिंधीनं घासत राहायचा. हे काम कायम आमच्या बौद्ध वस्तीतल्या चार पोरींचं. कुणी ठरवलं, विचारू नका. ठरलेलंच होतं. आमची नखं सोमवारपर्यंत काळी असायची, आणि सोमवारी त्याच फळ्यावर पहिली रेघ ओढायची सरपंचाची पुतणी. आम्ही खाली बसून बघायचं.

पुढच्या शनिवारी सरांनी चिंधी माझ्याकडं फेकली. मी उचलली नाही.

"मी न्हाय घासणार."

"काय म्हणालीस?"

"जी लिवती तिनं घासावं की."

सरांनी दप्तर बाहेर भिरकावलं. बापाला घेऊन ये, नाहीतर येऊच नको, म्हणाले.

घरी आई विड्या वळत बसली होती. ऐकून तिचे हात थांबले. "जा, माफी माग. नाव काढून टाकतील गं." ती घाबरली होती. मला तिच्या भीतीचा राग आला. अजून येतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात, फ्लॅटच्या बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचे. रविवारी सायकलला बांधून प्लायवूडचा एक तुकडा घेऊन आले, ठेकेदारानं टाकून दिलेला. मी लगेच कोळसा कुटला, पाला घासला. काळाभोर झाला. खडू टेकवला तर सर्रकन घसरला. रेघच उमटेना. मी ढसाढसा रडले. लाकूडसुद्धा सरांच्याच बाजूचं निघालं.

आप्पा म्हणाले, "येडी का काय? त्येला जळकं ऑइल पाजल्यालं असतंय. शिमिट चिकटू नये म्हणून. आदी त्येल काढाय पायजे."

मग राख, धुण्याचा सोडा, विटेचा तुकडा. घासायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं, परत घासायचं. तिसऱ्या दिवशी आईसुद्धा विड्यांचं सूप सरकवून उठली. विटेचा तुकडा घेऊन माझ्याशेजारी बसली. चार दिवसांनी प्लाय कोरडी पडली. मग पुन्हा कोळसा, पुन्हा पाला.

या वेळी खडू लागला. मी लिहिलं : वार गुरुवार. पट एक. हजर एक.

शुक्रवारी आप्पा कामावर खाडा करून शाळेत आले. सरांना म्हणाले, "पोरगी शिकाया यील. घासाया न्हाय." सरांनी माझं नाव काढलं नाही. पण वर्षभर एक प्रश्न विचारला नाही मला. हात वर करून करून दुखायचा. सगळी उत्तरं मी घरच्या फळ्यावर लिहिली.

तो फळा अजून माझ्या भिंतीवर आहे. काल शनिवारी माझी मुलगी त्याच शाळेतून आली, तर हात मनगटापर्यंत काळे. आता कोळसा नाही, रंगाचा डबा आलाय. वर्गात टीव्हीसुद्धा आलाय.

"मॅडम म्हनल्या, तुमी रंगवा."

"तुमी म्हंजे कोन कोन?"

तिनं चार नावं सांगितली. चारही आमच्या वस्तीतली.

"आन् लिवतं कोन?"

"आमी न्हाय." तिनं काळे हात पाठीमागं लपवले. इतकी वर्षं गेली, आणि फक्त डबा बदलला.

तिच्या हातांचा रंग मी काढला नाही. उद्या सोमवारी तेच हात घेऊन आम्ही दोघी शाळेत जाणार. प्रार्थना संपली की वार, तारीख, पट, हजर माझी मुलगी लिहील. मी दारात उभी राहीन. मॅडमना डस्टर कुठंही ठेवू दे. मी तेव्हा फ्रॉकनं पुसलं होतं. ती पुसणार नाही.