सुभेदारताई आणि अँटिप्रोटॉन

सुभेदारताई कुठलाही आकडा नुसता सांगत नसत. उंब्रजहून साताऱ्याला किती वेळ लागतो, असं विचारलं तर म्हणत, "चाळीस मिनिटं, दहा इकडंतिकडं." मेसच्या मावशींनी चपात्या किती विचारल्या तरी "तीन, एक इकडंतिकडं." मावशींना ती चेष्टा वाटे. ताई मात्र गंभीर असत. "मोजलं की चूक आलीच. ती किती, ते सांगायचं नसेल तर मोजू नये."

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि ताईंची शिस्तही तशीच, म्हणून विद्यापीठातल्या आमच्या विभागात 'सुभेदारताई' हे नाव पडलं. मी लोणंदहून पीएच.डी.ला आले तेव्हा गटातल्या सगळ्यांत जाणत्या त्याच होत्या. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवतात. त्यातून उडणाऱ्या हजारो कणांत प्रोटॉन किती आणि त्यांचे उलट विद्युतभाराचे जुळे, म्हणजे अँटिप्रोटॉन, किती, हे आम्ही तिकडून आलेल्या नोंदींवरून इथे बसून काढायचो.

त्यात एक मेख होती. काही अँटिप्रोटॉन यंत्राच्या धातूतच गिळले जातात, मोजणीपर्यंत पोचत नाहीत. ते किती, हे काढून आकड्यात मिळवावे लागतात. उलट त्याच धातूतून काही उपरे प्रोटॉन उडतात, ते वजा करायचे. मला हे शिकवताना ताई गावच्या बोलीवर आल्या. "आलेलं समदं आपलं न्हाई, आन् न आलेलं समदं गेलेलं न्हाई. ध्यानात ठेव."

आकडे मी काढायचे, तपासायच्या त्या. एकदा त्यांची आई कऱ्हाडला दवाखान्यात होती, ताईंच्या रोज खेपा चालल्या होत्या. "तू नीट केलंयस ना? मग मी बैठकीत तसंच मांडते," म्हणाल्या. बैठक ऑनलाइन होती, देशोदेशीची माणसं जोडलेली. आमच्या आलेखात अँटिप्रोटॉन प्रोटॉनपेक्षा जास्त निघाले होते, जे अशा टकरीत होऊच शकत नाही. कुणीतरी शांतपणे विचारलं, हे कसं? त्या क्षणी मला उमगलं. गिळले गेलेले अँटिप्रोटॉन मी दोनदा मिळवले होते.

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माइक सुरू केला. "चूक माझी आहे. मी तपासलं नाही. आठवड्यात दुरुस्त आकडे देते."

बैठक संपल्यावर मी रडायला लागले. "रडू नगंस," त्या म्हणाल्या. "फाइल उघड."

आकडे दुरुस्त झाले. पण त्या प्रयोगशाळेतली जी जागा ताईंचीच असं सगळे धरून चालले होते, ती त्या उन्हाळ्यात दुसऱ्याला मिळाली. कारण काय ते कुणी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला कळलं होतं. ताईंची इथली मुदतही संपली. त्या सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. माझा प्रबंध त्याच दुरुस्त आकड्यांवर उभा राहिला. आभारात त्यांचं नाव पहिलं घातलं. चुकीबद्दल एक ओळ लिहिली नाही. दर दिवाळीला फोन करताना वाटायचं, आज तरी माफी मागू. त्या माझ्या मुलीच्या खोकल्याची चौकशी करत राहायच्या आणि माझं राहून जायचं.

गेल्या हिवाळ्यात वर्गात शिकवताना त्यांना भोवळ आली. दोन दिवसांत गेल्या.

तेरावं झाल्यावर मी उंब्रजला गेले. ताईंचे वडील, सुभेदार, सोप्यात बसले होते. मी कोण ते सांगितलं. "तिचं परदेशाचं का फिसकटलं, ते तिनं कवाच सांगितलं न्हाई आमाला," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. चूक कुणाची होती, ती कुणी अंगावर घेतली, सगळं.

सुभेदारांनी विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललीस, पोरी?"

"भ्याले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. आत सुनेला हाक मारून म्हणाले, "हिला दुपारची एसटी हाय. जेवू घालूनच पाठव."

मी जेवले. त्या घरातून न जेवता उठायचा मला अधिकार नव्हता.