कोहळ्याचा पहिला घाव

करडी गावच्या गिरजाबाईच्या अंगणात फार वेळ बसू नये, नाहीतर ती माणसालाही मीठ लावून वाळत घालेल, असं गावात चेष्टेनं म्हणत. लाखोळीची कोवळी भाजी, वांग्याच्या फोडी, तळ्यातले बारीक झिंगे, जे हाती लागेल ते तिच्या बाजेवर उन्हात पडे आणि मग मडक्यात जाई. नवरा मेला त्या वर्षी या मडक्यांनीच तिला आणि पोराला, गोपीचंदला, तारलं होतं. तेव्हापासून ताजं खाऊन संपवणारी माणसं तिला उधळी वाटत.

तिचा खरा हात मात्र कोहळ्याच्या वड्यांचा. माघाच्या उन्हात कोहळं किसायचं, उडदाची डाळ वाटून त्यात फेटायची आणि जुन्या धोतरावर वड्या घालायच्या. अडचण एकच. अख्खं कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, अशी समजूत. बाईनं त्यावर विळा चालवायचा नाही. पहिला घाव घरच्या पुरुषाचा, मग बाईनं हवे तितके तुकडे करावे. नवऱ्यामागे हा घाव गोपीचंद घालत आला होता.

चौऱ्याऐंशी साली तो लग्न करून वरठीला खोली घेऊन राहिला. कारखान्याची नोकरी, बायकोला गाव नको. वरठी काही विलायतेत नाही, सायकलनं येता येतं. पण दिवाळीनंतर तो फिरकला नव्हता.

माघ लागला. गिरजाबाईनं निरोप धाडला आणि शनिवारी डाळ भिजत घातली. रविवारी तो आला नाही. डाळीचे बडे, म्हणजे वडे, तळून तिनं शेजारच्या मंदाबाईकडे दिले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. बडे खाऊन खाऊन मंदाबाईलाच लाज वाटू लागली.

"आमच्या बाबूलालच्या बापाले पाठवू का, काकी? एक घाव त मारा लागते."

"घरी माणूस नसलं का शेजारचा बोलवते," गिरजाबाई फणकारली. "माह्या घरी माणूस हाये."

फाल्गुन लागला, ऊन कडक झालं. एका दुपारी मोटारसायकल दारात थांबली. गोपीचंद! गिरजाबाईनं पाणी द्यायच्या आधी कोहळं ओसरीत आणलं आणि शेजारी विळा ठेवला.

त्यानं खिशातून कागद काढला.

"माय, राशन कार्ड दे. माहं नाव कापून पाह्यजे. वरठीले नवीन कार्ड काढून राहिलो. अन् इथं अंगठा लाव."

"नाव काहून कापतं?"

"दोन ठिकाणी नाव चालत नाही न."

तिनं कार्ड दिलं, अंगठा लावला. मग म्हणाली, "बरं. आता कोहळं बी काप."

त्यानं घड्याळ पाहिलं. "मोहाडीचं आफिस बंद होते, माय. बाबूलालच्या बापाले सांग न. अन् कायले करतं एवढं? वड्या आता बजारात भेटते."

मोटारसायकलची धूळ खाली बसेपर्यंत ती दारात उभी होती. वाईट वाटलं, तसाच रागही आला. पण राग काढायचा कुणावर? सबंध आयुष्य तिनं नासणारं टिकवलं होतं. जे टिकेलच म्हणून निर्धास्त होती, त्याला ऊन दाखवायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

आत जाऊन तिनं डाळ भिजत घातली. अदमासानं, एका माणसापुरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाशी गेली. मंदाबाई सडा टाकत होती.

"मंदा, तुह्या घरच्याले पाठव व थोडं," ती म्हणाली. "कोहळं कापा लागते. माह्या घरी माणूस नाही."

मंदाबाईच्या नवऱ्यानं एका घावात कोहळं फोडलं. एवढे दिवस ठेवूनही ते आतून पांढरंशुभ्र होतं, कुठं डागसुद्धा नव्हता.