तक्रारीच्या बाकावर तीन दिवस

माझ्या मामाला हॉस्पिटलमधले डॉक्टर कानसेन म्हणायचे. बाविसाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांच्या नसा वाळायला लागल्या आणि वर्षभरात दिसायचं पूर्ण थांबलं. त्याआधी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. डोळे गेल्यावर दोन वर्षं तो खोलीबाहेर पडला नाही, असं आई सांगते. मग एके दिवशी आपणहून म्हणाला, "ताई, मला टायपिंग शिकायचंय." तेव्हापासून त्याच्या कानांनी आणि बोटांनी त्याला पोसलं.

त्याचं काम असं होतं. क्ष-किरण विभागातले डॉक्टर फोटो बघून आपलं मत बोलून ठेवतात. ते बोलणं मामाकडे यायचं. कानाला हेडफोन लावून तो ते ऐकायचा आणि त्याचा अहवाल टाइप करायचा. टाइप केलेलं कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवायचा, इतक्या भरभर की आम्हाला एक शब्द कळायचा नाही. दोन हॉस्पिटलांचं काम त्याच्याकडे होतं. एकदा एका दमलेल्या डॉक्टरांनी पहिल्या वाक्यात उजवं फुप्फुस म्हटलं आणि चौथ्या वाक्यात डावं. मामाने फोन केला. डॉक्टरांनी फोटो पुन्हा लावून बघितला आणि अहवाल दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या पेशंटच्या छातीत सुई घालायची होती. कोणत्या बाजूने, ते त्या फोनमुळे बरोबर ठरलं. मामाने ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. मला ती त्या डॉक्टरांकडूनच कळली.

अशा माणसाचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती वस्तू नव्हती. तो सांभाळायला एक दुरुस्तीवाले काका होते. अठरा वर्षं यंत्र तेच आणायचे, तेच जोडायचे. कीबोर्डवर कुठे डिंकाचा थेंब लावला की मामाचं बोट चुकणार नाही, हे त्यांना पाठ होतं. नवं यंत्र कुठून घ्यावं हा प्रश्न मामाला कधी पडलाच नाही. काका हृदयविकाराने गेले, आणि चार महिन्यांनी एका सकाळी सीपीयूमधून जळका वास आला. मामाने हात लावून बघितला आणि म्हणाला, "काकांच्या मागोमाग गेला बिचारा."

त्या दिवसापासून आमची शोधाशोध सुरू झाली. मी औषधांच्या दुकानात काम करायचे, दुपारी दोन तास सुट्टी मिळायची. तेवढ्यात मामाला घेऊन निघाले. पहिलं दुकान मोठं, थंडगार, काचेचं. विक्रेता मुलगा चुणचुणीत होता, पण बोलत होता माझ्याशी. "यांना कोणत्या कामासाठी हवाय?"

"यांना ऐकू येतं," मामा म्हणाला.

मुलगा ओशाळला. मग त्याने सवलती सांगितल्या, सोबत मिळणाऱ्या फुकट वस्तू सांगितल्या. मामाने एकच विचारलं, "बिघडला तर मी कुणाला फोन करायचा?"

"कंपनीचा नंबर असतो ना काका."

"तो कोण उचलतं?"

मुलगा कार्डावरचा नंबरच पुन्हा वाचून दाखवू लागला. त्यात त्याचा काय दोष? उद्या तो त्या दुकानात असेलच याचीही खात्री नव्हती. आम्ही परत आलो.

इकडे काम तुंबत होतं. आई अस्वस्थ झाली. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीचं एक दुकान होतं. मालक फार गोड, घरच्यासारखं वागवतो, असं मैत्रीण म्हणाली होती. आईने मामाच्या मागे धोशा लावला. आम्ही गेलो तर मालक स्वतः दारापर्यंत आला, मामाचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं, सरबत मागवलं. "तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी. तुम्हाला फसवून मी कुठे जाणार?" मामा छप्पन्नचा, मालक आवाजावरून पन्नाशीचा. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "फार लवकर बाप झालो मी." पण हेडफोन गळ्यात अडकवून रिकामं बसण्याला तोही कंटाळला होता. त्याने हो म्हटलं. यंत्र दुसऱ्या दिवशी घरी आलं, जोडून, चालू करून.

जोडणारा माणूस गेल्यावर मामाने सगळीकडून हात फिरवला. मागच्या बाजूला त्याची बोटं थांबली.

"इकडे ये. या स्क्रूच्या डोक्यावर बोट फिरव."

मी फिरवलं. खाच झिजलेली होती, कडा बोटाला टोचत होत्या.

"हा पुष्कळदा उघडलेला स्क्रू आहे," मामा म्हणाला. "नवीन यंत्राला जुना स्क्रू कसा?"

आई म्हणाली, "अरे, जोडताना झिजला असेल. चालतंय ना? मग झालं तर." मामा गप्प बसला. पुढे तो मला म्हणाला, तिथे मी गप्प बसायला नको होतं.

तीन आठवडे यंत्र नीट चाललं. मग एका दुपारी, अहवालाच्या मधोमध, वाचणारा आवाज थांबला आणि परत आलाच नाही. दिवसभराचं काम गेलं. आम्ही सीपीयू उचलून दुकानात नेला. मालकाने तो आत पाठवला, आम्हाला अर्धा तास बसवलं, सरबत नाही. मग तो बाहेर येऊन माझ्याशी बोलायला लागला, आवाज खाली आणून, जसं काही मामा तिथे नव्हताच.

"ताई, आत ओल आहे. काहीतरी सांडलंय. त्यांना दिसत नाही, चहाबिहा पडला असेल, त्यांना कळलंही नसेल. ह्याला वॉरंटी नाही मिळत."

मामा उभा राहिला. "माझा चहा टेबलावर कधीच नसतो," तो म्हणाला. "डाव्या बाजूच्या स्टुलावर असतो. तीस वर्षं."

"काका, मी तुम्हाला खोटं नाही ठरवत," मालक म्हणाला, तितक्याच गोड आवाजात.

काठी पुढे टाकून मामा बाहेर पडला. घरी मी आईला सगळं सांगितलं. आई मालकावर चिडली, मैत्रिणीवर चिडली, स्वतःवर चिडली. आणि मग, हातातलं फडकं घडी करत, तिने विचारलं, "खरंच काही सांडलं नाही ना रे?"

मी मामाचा चेहरा बघितला. दुकानात तो असा झाला नव्हता. मामा तसाच खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आईने त्याच्यासाठी काय नाही केलं? त्याचे डोळे गेल्यावर तिने आपलं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं होतं. माझे वडील गेल्यावर आम्ही दोघी त्याच्याकडे राहायला आलो, तेव्हा तो हॉस्पिटलात बसून टाइप करायचा; तीच त्याला तिथपर्यंत पोचवायची, आणायची. पण तिने कधी त्याच्यावर असा संशय घेतला नव्हता, आणि घेतला तो परक्या माणसाच्या तोंडून ऐकून.

चार दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. त्याच चार दिवसांत एका हॉस्पिटलने मामाचं काम दुसऱ्याला दिलं. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण पेशंट थांबू शकत नाहीत." मामा म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

पाचव्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन एकटाच बाहेर पडला. कुठे जातोय ते सांगितलं नाही. जेवायच्या वेळेला परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी कामावर रजा टाकली आणि त्याच्या मागे गेले.

तो बाजारातल्या एका जुन्या इमारतीपाशी थांबला. खाली शिंप्याचं दुकान, वर लाकडी जिना. पायऱ्या मोजत तो वर गेला. वर कॉम्प्युटरचं दुकान होतं, आमच्या स्वयंपाकघराएवढं. एका भिंतीला खोकी, दुसऱ्या भिंतीला लांब बाक. बिघडलेली यंत्रं घेऊन आलेली माणसं त्या बाकावर बसायची. मामा त्यांच्यातच, कोपऱ्यात, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. मी जिन्यातच थांबले.

दुकान एक चाळिशीची बाई चालवत होती. आवाज खरखरीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. गोडवा नावालाही नव्हता. एका माणसाला ती म्हणाली, "हे तुमच्या मुलाने भलतंसलतं टाकल्यामुळे झालंय. यंत्राला काही झालेलं नाही. पैसे देऊ नका, फक्त त्याला समजावा." दुसऱ्याला म्हणाली, "मला नाही माहीत. विचारून उद्या सांगते." मग एक म्हातारे गृहस्थ आले, भयंकर संतापलेले. महिन्यापूर्वी इथूनच घेतलेलं यंत्र सारखं बंद पडत होतं. बाक भरलेला, सगळे ऐकत होते. बाईने यंत्र त्यांच्यासमोरच उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाली, "चूक माझी आहे. पंखा मी कमी ताकदीचा बसवलाय. बदलून देते. तोवर माझं यंत्र घेऊन जा, तुमचं काम अडायला नको."

म्हाताऱ्यांचा राग कुठल्या कुठे गेला. ते म्हणाले, "तसं काही नाही, असू दे."

"असू दे कसं? चुकलं ते चुकलं."

मग ती मामाकडे वळली. "काका, आज तिसरा दिवस. तुमच्याकडे ना यंत्र, ना बिल. बसायला माझी ना नाही, पण काम तरी काय आहे?"

मामा उठला. "मला एक कॉम्प्युटर घ्यायचाय. एकदा फसलोय. गिऱ्हाइकाशी विकताना सगळेच चांगलं बोलतात. परत आल्यावर कसं बोलतात ते ऐकायचं होतं."

"म्हणजे माझी परीक्षा चालली होती?"

"हो."

बाईला ते आवडलं नाही, ते मला जिन्यातूनही दिसलं. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग लागला का निकाल?"

"तुम्ही आत्ता चारचौघांत चूक माझी म्हणालात," मामा म्हणाला. "मला तुमच्याकडून घ्यायचाय."

एक स्टूल ओढून तिने त्याला काउंटरपाशी बसवलं. मीही आत गेले. मामाला माझी पावलं कळली होती. "भाची आहे," तो म्हणाला, "जिन्यात उभी राहून पायांना मुंग्या आल्या असतील तिच्या."

पडद्यावरचं वाचून दाखवायच्या सॉफ्टवेअरची तिला माहिती नव्हती. तिने ते कबूल केलं, माहितगार माणसाला फोन लावला आणि गुरुवारी यायला सांगितलं. गुरुवारी तिने सगळी खोकी मामाच्या पुढ्यात ठेवली, बंद. "सील तुम्हीच फोडा." प्रत्येक भाग आधी त्याच्या हातात दिला, त्यावरचा नंबर वाचला. मामाने तो आपल्या ब्रेल पाटीवर टोचून घेतला. तेच नंबर तिने बिलावर लिहिले. "उद्या मी दुकान बंद केलं तरी या नंबरांवर कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही," ती म्हणाली. मॉनिटरची पाळी आली तेव्हा ती अडखळली. "हा... हवाय ना?"

"हवाय. बहीण दुपारी त्यावर पत्ते खेळते. तो नसला तर मला घराबाहेर काढेल."

तिथे ती पहिल्यांदा हसली.

गोड मालकाचं पुढे काही होऊ शकलं नाही. आम्ही ग्राहक मंचाकडे रीतसर तक्रार केली, दोनदा खेटे घातले. पण त्याच्या बिलावर फक्त 'कॉम्प्युटर संच, एक' एवढंच लिहिलेलं होतं. आत काय नवं आणि काय जुनं, हे आता सिद्ध करता येत नव्हतं. तो दोन्ही वेळा हात जोडून उभा राहिला आणि दोन्ही वेळा सुटला. गेलेलं हॉस्पिटलही परत आलं नाही. राहिलेल्या एकाच्या कामावर मामाने भागवायचं ठरवलं.

नवं यंत्र घरी जोडलं त्या दिवशी बाई स्वतः आली होती. ती गेल्यावर मामा खुर्चीवर बसला, कीबोर्डवरून बोटं फिरवून कळा ओळखीच्या करून घेऊ लागला. आई चहा घेऊन आली. कप डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली. बराच वेळ. मी दाराशी होते, जावं की थांबावं मला कळेना.

"मी तुला तसं विचारायला नको होतं," आई म्हणाली.

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे ग ताई. आमच्या घरात तसंच म्हणतात.

"हो," मामा म्हणाला. "नको होतं."

आईने मान हलवली. त्याला ते दिसणार नव्हतं, म्हणून मग ती तोंडाने म्हणाली, "चुकलं माझं." मामाने हात पुढे केला, हवेत चाचपडलं, आणि तिचं मनगट धरलं. मग त्याने हेडफोन चढवले. पहिलं रेकॉर्डिंग एका सात वर्षांच्या मुलीच्या हाताचं होतं, झाडावरून पडलेल्या. हाड मोडलं नव्हतं. मामाने ते वाक्य टाइप केलं, हेडफोनची वायर काढली आणि वाचणारा आवाज खोलीत सगळ्यांना कळेल इतका सावकाश आणि मोठा केला.