दीपधाऱ्यांचा ठराव

वैजिनाथ फासा टाकायच्या आधीच सांगून मोकळा व्हायचा, "जे पडंल ते पडंल, पुन्हा टाकणार न्हाई." फासा गादीखाली गेला तरी हा वाकून, जसा पडला तसाच वाचायचा. आम्ही बाकीचे दोघं बिनदिक्कत रडीचा डाव खेळायचो.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. भोकरदनला कमलकिशोरच्या कापडदुकानाची माडी रविवारी दुपारी मोकळी असायची. त्याच्या हैदराबादच्या मावसभावानं तिकडच्या कॉलेजातला एक खेळ सांगितला होता. त्यावरून आम्ही आमचंच एक राज्य उभं केलं. ड्रॉइंग पेपरवर नकाशा, सापशिडीचा फासा आणि प्रत्येकाचं एक सोंग. मी राजा, कमल बंदरांचा मालक आणि वैजिनाथ दीपधारी पंथाचा मुख्य पुजारी. दीपधारी डोंगरावरच्या किल्ल्यांत अखंड ज्योत सांभाळत आणि लग्न करत नसत. हा नियमही आम्हीच कधीतरी गंमत म्हणून केलेला. नियम बदलायचा तर तिघांनी मतं द्यायची.

एका रविवारी वैजिनाथ म्हणाला, "माझ्या दीपधाऱ्यांना लग्नाची मोकळीक पाह्यजे."

आता सांगतो ते तेव्हा आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. हसनाबादच्या पलीकडे वैजिनाथच्या चुलत्यांचा मठ होता. गादीवर पुतण्यानं बसायचं आणि जन्मभर ब्रह्मचारी राहायचं, अशी तिथली रीत. चुलते अंथरुणाला खिळले होते. आणि इकडे शाळेत शिकवणारी शालिनी त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

तीन रविवार वाद चालला. एरवी मोजकं बोलणारा वैजिनाथ तळमळून बोलत होता. "ज्याच्या घरात कधी पोर रडलं न्हाई, त्याच्यापुढं आई तापलेलं लेकरू घेऊन आली तर त्याला काय कळणार? अंगारा लावंल अन् मोकळा होईल!"

मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो, जीभ नुकती सुटलेली. "अन् पोरं झाली की? ज्योतीत तेल घालायच्या आधी पोराच्या दुधाची काळजी! उद्या पंथाच्या जमिनीला चार वारस फुटतील. लोक कुणाच्या पाया पडतात? ज्यानं काहीतरी सोडलंय त्याच्याच!"

मी जाम खूश होतो स्वतःवर. खरं कारण वेगळंच होतं. बिनावारस दीपधारी मेला की त्याचा किल्ला राजाला मिळायचा, आणि मला किल्ले हवे होते. एक बंदर देऊ करून कमलचं मत मी आधीच फिरवलं होतं. ठराव दोन विरुद्ध एक असा पडला. "बराबर," वैजिनाथ म्हणाला. निकाल त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिला, चहा घेतला आणि गेला.

महिन्याभरात त्यानं दीक्षा घेतली. शालिनीचं कमलला त्याच्या बहिणीकडून कळलं, तेव्हा आम्ही दोघं पहिल्या एसटीनं मठात गेलो. तो ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं, अंगावर भगवी छाटी. मी भडकलोच. "अरे येड्या, एका शब्दानं सांगायचं होतंस! खेळ होता तो!"

"सांगितलं असतं तर तू दोस्त म्हणून बोलला असता," तो शांतपणे म्हणाला. "मला गाव काय म्हणंल ते ऐकायचं होतं. तू बिलकुल गावासारखा बोलला. त्याला माझ्यापाशी उत्तर न्हवतं."

किल्ल्यांचं सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढं शालिनीचं लग्न झालं, ती परभणीला गेली. मी वकील झालो. वैजिनाथचे महाराज झाले, पण आजारी लेकरू घेऊन बाई आली की ते आधी मठाची जीप काढायला लावत. "अंगारा मंग लाव माय, आधी जीपमधी बस. जल्दी!" कित्येकदा जालन्याच्या दवाखान्यात ते स्वतः बाकावर बसून राहत.

वीस वर्षांनी ते माझ्या ऑफिसात आले. मठाच्या नियमावलीत दुरुस्ती हवी होती. पुढच्या महंताला लग्नाची मुभा. "या टायमाला माझ्या बाजूनं बोल," एवढंच म्हणाले.

गावाची बैठक भरली. एक म्हातारे पाटील उठले आणि शब्दशः माझंच जुनं भाषण बोलले. चार वारस, जमीन, सगळं. मी कागद काढला. जमीन ट्रस्टच्या नावावर आहे, महंताच्या पोरांना त्यातलं ढेकूळही मिळणार नाही. दहा मिनिटांत विषय संपला. हे उत्तर मला माडीवरही सुचलं असतं. मी ते शोधलंच नव्हतं.

स्टँडवर सोडायला ते सोबत आले. मी एकदाचं किल्ल्यांचं कबूल केलं.

"ठाऊक होतं. वही मीच लिहीत होतो की, कमलला दिलेलं बंदरबी मीच मांडलं," वैजिनाथ म्हणाला. "गावालाही काही ना काही पाह्यजेच असतं."

"मग गादीवर बसल्याबरोबरच का नाही आणला हा ठराव?"

"तवा आणला असता तर लोक म्हणले असते, महाराजानं सोतासाठी नियम मोडला. माझ्या मागून गादीवर बसणाऱ्या पोरांच्या कामाला आला नसता मंग." एसटी वळून फलाटाला लागली. "शालिनीची पोरगी यंदा बारावीला बसली. आता तसं न्हाई म्हणणार कुणी."