दर्यातले चार नांगर

हे मी चारचौघांत कधी बोललो नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही असा तिचा पक्का समज आहे. अठरा वर्षं पोटात ठेवलं. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो — मध्येच हसू आलं तर हसा, मलाही येतं. हसण्यासारखंच आहे ते. निम्मं तरी.

आमचं चर्च पडेगावच्या रस्त्याला. मंडळी लहान, पण नाटकाची हौस दांडगी. दर वर्षी सुगी उरकली की एक नाटक व्हायचंच, आणि त्या वर्षी ते लिहायचं काम माझ्याकडं आलं. का नाही येणार? मी नुकताच मराठी घेऊन एम.ए. झालो होतो, शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, आणि या दोन्ही गोष्टी भेटेल त्याला सांगत होतो. विषय ठरला प्रेषित पौलाचा शेवटचा प्रवास — सुभेदारापुढचा खटला, कैदी म्हणून समुद्रातून रोमला रवानगी, वाटेत वादळ, तारू फुटणं आणि शेवटी रोममधली कैद. लिहिणारा मी, बसवणारा मी. आणि पौल? तोही मीच.

फार मजेचे दिवस होते ते. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. महिला मंडळानं निळ्या साड्या जोडून समुद्र शिवला, आणि लाटा कुणी हलवायच्या यावरून दोन जावांमध्ये अबोला झाला. बाकं उलटी मांडून तारू केलं. माझ्या बेड्या म्हणजे कुणाच्या तरी गोठ्यातली साखळी. तिला शेणाचा वास यायचा, आणि तो घेतच मी सुभेदारापुढं छातीठोक बोलायचो.

सामान जमवायचं काम याकोबकाकांकडं होतं. गंगापूरकडचे शेतकरी, दर रविवारी एस.टी.नं उपासनेला यायचे. शाळा चौथीपर्यंत. पण वाचायचे असे की — शास्त्रपाठाला, म्हणजे बायबलमधला उतारा वाचायला, काका उभे राहिले की तान्ही लेकरं सोडून सगळे गप्प. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, एकेका शब्दाचा मान राखत. त्यांच्या घरात वाचणारे ते पहिले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

आता मुद्द्यावर येतो. येतोय, जरा दम धरा.

वादळात खलाशी तारवाच्या मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात, असं शास्त्रात आहे. मी सामानाच्या यादीत लिहिलं — नांगर, चार नग. काका यादी घेऊन माझ्याकडं आले. बोट नेमकं त्या ओळीवर. "गुरुजी, दर्यात नांगर कशाला वो? तिथं काय पेरायचं हाय? ह्याचा अर्थ दुसरा कायतरी असंल. बघा की जरा."

बघा की जरा. एवढंच म्हणाले. शब्दकोश माझ्या मागच्या फळीवर होता, हात लांब केला की मिळेल असा. जहाजानं नांगर टाकला, हे मी पेपरात शंभरदा वाचलेलं. पण त्याचं चित्र कधी डोळ्यांपुढं आणलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. पण चौथी शिकलेल्या माणसापुढं एम.ए. झालेल्यानं 'ठाऊक नाही' म्हणायचं — कसं म्हणायचं? मी म्हणालो, तारवात गहू होता असं शास्त्रातच आहे ना काका, मग नांगरही असणारच. भार कमी करायला टाकून दिले. एका दमात म्हणालो. माझं मलाच पटलं.

काका टेम्पोतून चार नांगर घेऊन आले. दोन लाकडी, दोन लोखंडी, तीन गावांत फिरून मागून आणलेले. फाळ घासून लख्ख केलेले.

प्रयोग रंगला. खटल्यात सुभेदाराची मिशी एकदाच निघाली. वादळ उठलं, साड्या फडफडल्या, आणि चार खलाशांनी घाम गाळत एकेक नांगर समुद्रात लोटला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसू फुटलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचे व्याही — रत्नागिरीकडचे, सगळी नोकरी बोटीवर काढलेले — पोट धरून हसत होते. हसता हसता त्यांनीच सांगितलं, जहाजाचा नांगर म्हणजे साखळीला बांधलेला लोखंडी आकडा. तो तळाशी रुततो आणि जहाज धरून ठेवतो. शब्द एक, वस्तू दोन. मग मंडळी जी हसली — अबोला धरलेल्या जावासुद्धा एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. तितकं निर्मळ हसू त्या चर्चमध्ये मी पुन्हा ऐकलं नाही.

नंतर चहाच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, नांगर कुणाची कल्पना? रागानं नाही, कौतुकानंच. मी अजून पौलाच्या झग्यात होतो. तासाभरापूर्वी मनगटातली साखळी वाजवत मी सुभेदाराला सुनावलं होतं की जीव गेला तरी खरं तेच बोलेन. त्याच झग्यात मी म्हणालो, "याकोबकाकांचा जरा गोंधळ झाला. मी समजावलं होतं."

समजावलं होतं म्हणे.

काका कपबशी घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं सांगू? काहीतरी आठवायची खटपट करत असल्यासारखं. मग सगळ्यांबरोबर तेही हसले. "आमाला रानातलाच नांगर ठावं," म्हणाले.

पुढच्या रविवारी शास्त्रपाठाला ते उभे राहिले नाहीत. चष्मा बरोबर नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि मग दुसरं कुणी वाचू लागलं. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. नांगरांचं मात्र नशीब उघडलं. मंडळीला ते इतके आवडले की आजही कुठल्याही नाटकात एक नांगर मंचावर येतो आणि टाळ्या घेऊन जातो. आणि मी मनाशी ठरवून टाकलं की काकांना सगळं आठवतंय, त्यांनी मोठ्या मनानं मला सांभाळून घेतलं. ही समजूत फार सोयीची होती.

यंदा पुन्हा तेच नाटक ठरलं. गेल्या आठवड्यात नवे पाळक आणि मी गंगापूरला काकांच्या घरी गेलो, सुरुवातीचा पाठ त्यांनी वाचावा म्हणून विनवायला. काका आता पंचाहत्तरीचे. त्यांनी हात जोडले. "नगं साहेब. माझ्या वाचण्याचा भरवसा नाय. गुरुजींनी नीट समजावलं, तरी मी नांगर घिऊन आलो. मला लई दिस वाटायचं, मी इचारलं व्हतं की. पर गुरुजी खोटं कशाला बोलतील?"

ऐकलंत? त्यांनी मला सांभाळून वगैरे घेतलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यासाठी स्वतःच्या कानांवरचा, डोळ्यांवरचा काढून घेतला होता.

पाळकसाहेबांचा फोन वाजला, ते अंगणात गेले. मी काकांपुढं खाली बसलो आणि सांगितलं. तुम्ही विचारलं होतं. मला अर्थ ठाऊक नव्हता. मी थाप मारली, आणि वर तुमच्यावर ढकललं. काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत — हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"म्हंजे मी बरोबर इचारलं व्हतं?"

"बरोबर विचारलं होतं, काका."

"दर्यात काय पेरायचं, असंच म्हणलो व्हतो ना?"

"असंच."

माफीचं ते काही बोलले नाहीत. मीही तो विषय काढला नाही. त्यांनी सुनेला हाक मारून चष्मा मागितला, शास्त्र मागितलं, वादळाचं पान काढलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. पहिल्या दोन ओळींत आवाज घसरला, मग लागला. सून पिठाच्या हातानं दारात येऊन थांबली. लग्न होऊन बारा वर्षं झाली तिला, पण सासऱ्यांना मोठ्यानं वाचताना तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच लाज वाटली. अठरा वर्षं तो आवाज कोंडून ठेवणारा मी होतो.